दामूचा पुतळा

धर्माजी ‘गवताचा’ म्हणाला तेव्हा एकनाथ हसत होता, आणि चेहऱ्यावरचं ते हसू आवरून घ्यायला त्याला फार वेळ लागला. लग्न उरकल्यावरही दारातलं तोरण लोंबत राहावं तसं ते राहिलं. हसण्याचं कारणही तसंच होतं. मुंबईच्या त्या कलादालनात, गुळगुळीत फरशीवर, धर्माजी चपला हातात घेऊन उभा होता. धर्माजी म्हणजे एकनाथच्या बापाचा चुलतभाऊ, तारापूरजवळच्या दांडी गावचा. भाऊच्या धक्क्यावर माल उतरवून तो तसाच आला होता, आणि त्याच्या अंगाच्या सुक्या बोंबलाच्या वासानं दालनातली चार शिष्ट माणसं आपोआप पलीकडच्या चित्रांकडे सरकली होती. कमरेहून थोडं उंच असं ते लाकडाचं शिल्प धर्माजीनं समोरून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून हुंगलंसुद्धा, आणि म्हणाला, “ही तं आपल्या होडीची नाळ.” एकनाथ खूश झाला. इतक्या दिवसांत हे ओळखणारा हा पहिलाच. दर्यावरच्या माणसाच्या तोंडी नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापणारं. एकनाथनं शिल्पाखालच्या कार्डावर तेवढा एकच शब्द लिहिला होता. तो वाचून दिनानाथ सबनीस या मोठ्या समीक्षकांनी मात्र तिला मुलाची नाळ ठरवलं आणि वर्तमानपत्रात दोन रकाने भरले. अमूर्त शिल्प त्याच्या समाजापासून तोडून पाहताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहतंय, किनाऱ्यावरची माणसं उठताहेत, समुद्र नावाच्या आईपासून त्यांची नाळ तुटते आहे, आणि शिल्पाच्या मधोमध जी पोकळी आहे ते म्हणजे रितं झालेलं गर्भाशय. “तुमच्याकडे नाळ पुरतात ना हो?” असं त्यांनी चहा पिताना विचारलंही होतं. “पुरतात की,” एकनाथ म्हणाला होता. खोटं काय त्यात? नाळ सगळेच पुरतात. हे सगळं तो धर्माजीला रंगवून सांगत होता, अणुवीज केंद्रापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत, आणि स्वतःच हसत होता. धर्माजी हसला नाही. त्यानं विचारलं, “मंग पुतळा कुटं हाय?”

“हाच की.”

“झाला का हा?”

“झाला म्हणजे काय, सगळीकडे नाव झालंय. सोमवारी दिल्लीला जायचाय.”

“दिल्लीला कशाला?” धर्माजीला खरंच कळेना. “माई बोलली, एकूला इचार. झाला असंल तं घेऊन ये. नसंल तं ऱ्हाऊ दे, आमी गवताचा करतो. भटजींनी येती आवस दिली हाय.”

“गवताचा काय?”

“पुतळा. दामूचा. जाळायला नको?”

कोणी तरी दालनाच्या टोकाला खोकलं. पंखा फिरत होता. एकनाथला वाटलं, आपण उभे आहोत ती फरशी उतरती झाली आहे आणि आता आपण घसरत भिंतीपर्यंत जाणार. धर्माजी काहीबाही सांगतच होता. आता फार दिवस झाले, एकनाथच्या आईची, माईची, नजर गेली, जिवंतपणी तिला हे पार पडलेलं पाहायचंय, आणि मंजुळा, थोरल्या भावाची, दामूची बायको. मंजुळेला मुरबे गावाहून एकानं विचारलं होतं, बायको गेलेला माणूस, चांगली होडी बाळगून होता. पण दामूचं कार्य झाल्याशिवाय पाट लावून तिला दुसऱ्या घरी द्यायची कशी? तो थांबला, पुष्कळ थांबला. गेल्या उन्हाळ्यात त्यानं दुसरीकडे पाट लावला. “त्याला तरी काय बोलणार?” धर्माजी म्हणाला. “आमी त्याला सांगत व्हतो, थांब बाबा, पोरगा मुंबईला करतोय. शिकलेला पोरगा हाय, त्याला टाइम लागनार.”

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे अक्षरसुद्धा बदललं नव्हतं. पुतळा म्हणजे पुतळाच. कला शाळेत मातीचे करतात तो पुतळा, चौकात दगडाचा उभा करतात तो पुतळा, आणि बुडालेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही तर दर्भाचा, पळसाच्या पानांचा माणूस बांधून, नारळाचं डोकं लावून त्याला अग्नी देतात, तोही पुतळाच. हे एकनाथला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी वाळूत बसून त्यानं असा एक जळताना पाहिला होता, नारळ तडकला तेव्हा घाबरून दामूच्या पाठीमागे लपला होता. मग माई बोलली तेव्हा ते त्याच्या डोक्यात का आलं नाही? सबनीसांना निदान ठाऊक नव्हतं. सबनीसांना हसायला आपण कोण? हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, तसे त्याचे दात आता त्या चकचकीत दालनात सगळ्यांना दिसत होते. धर्माजी निघून गेला. वास तेवढा मागे राहिला. एकनाथ शिल्पासमोरच्या बाकावर बसला आणि त्याला आपलंच शिल्प बघवेना.

ती सकाळ त्याला आता नव्यानं आठवू लागली. जुनीच, पण जुन्या भिंतीवरचा चुना खरवडावा आणि खाली दुसराच रंग निघावा तशी. नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. दामूची होडी फुटली तेव्हा तिच्यावर तिघं होते. दोघांना दर्यानं सातपाटीच्या अलीकडे परत दिलं. दामूला नाही दिलं. मग एका सकाळी दांडीच्या वाळूवर होडीची नाळ येऊन पडली, एवढीच, जणू बाकीची होडी मागून येते आहे. माई तिच्याशेजारी जाऊन बसली. कोणालाही हात लावू देईना. एकनाथ मुंबईहून आलेला, कला शाळेचं शेवटचं वर्ष, खांद्याला शबनम पिशवी. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “एकू, याचा दामूचा पुतळा कर. गवताचा नको मना. गवताचा व्हता काय माजा पोर? तू शिकलास, तू कर.” तो तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला होता. त्याला वाटलं होतं, दामूचा एकही फोटो नाही म्हणून ती मागते आहे. ज्या आईला सही करता येत नाही तिला कला कळते! ही गोष्ट त्यानं पुढे किती जणांना सांगितली होती, इराण्याच्या हॉटेलात, प्रदर्शनांच्या उद्घाटनांना, स्वर थोडा खाली आणून. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. एका बाईनं तर त्याचा हात हातात घेतला होता. आणि माई बिचारी एवढंच म्हणत होती की, माझ्या मुलाला नीट जाळ. चांगल्या लाकडात जाळ. त्याच्याच होडीच्या.

त्यानं केलं तरी काय होतं त्या लाकडाचं? आधी चेहरा कोरायला घेतला. दामूचं कपाळ, दामूचं नाक. पण पटाशी लाकडाला लावली की दामू मागे सरायचा. आठवायला बसलं की त्याची पाठच आठवे, जाळं ओढणारी, किंवा हाक मारली की मान एका बाजूला कलती करून “काय रं?” म्हणायचा, ती मान. चेहरा म्हणून येईना. दोघा भावांची हनुवटी सारखी, असं सगळे म्हणत. म्हणून त्यानं भिंतीवर दाढीचा आरसा लावला आणि त्यात बघून हनुवटी कोरली. एके दिवशी पाहिलं तर लाकडातून आपणच आपल्याकडे बघतोय. त्यानं ती तासून टाकली. नाक तासलं, कपाळ तासलं. तासता तासता जिथे चेहरा होता तिथे खड्डा पडला, आणि तो खड्डा पाहून मनाला जरा बरं वाटलं. मग तोच गुळगुळीत करत गेला. लाकूड दोन्ही कडांनी आत वळलेलं, मध्ये पोकळ. लोक त्याला अमूर्त म्हणू लागले. अमूर्त! न जमलेल्या भावाला त्यानं मोठं नाव दिलं होतं. आणि तरीही, हेही खरंच होतं, त्या पोकळीइतकं खरं त्याच्या हातून आजवर काही उतरलं नव्हतं आणि पुढेही उतरणार नव्हतं. नंतर त्यानं जे जे केलं ते सगळं लाकडाचं होतं, बस्स.

आणि गावी गेला की माई विचारायची, “झाला का?” तो म्हणायचा, “होतोय माई. घाई करून होत नाही.” “घाई नको,” ती म्हणायची, “पन चांगला कर.” मंजुळा पानात कोलीम, ती बारीक कोळंबी, वाढताना क्षणभर थांबायची. तिच्या हातात हिरव्या बांगड्या असत, दर सणाला नव्या. त्याला वाटे, वहिनीला आपल्या कामाचं कौतुक आहे. देवा रे! ती थांबत होती ती त्याच्या उत्तरासाठी. तो ‘झाला’ म्हणाला असता तर त्या बांगड्या उतरल्या असत्या, रडून मोकळी झाली असती, मुरब्याला गेली असती, एव्हाना तिच्या कडेवर एखादं मूल असतं. आणि तो जेवून हात धुऊन वर ऐटीत सांगायचा, कलेला वेळ लागतो. ना सवाष्ण ना विधवा, अशी एक बाई त्यानं तासत ठेवली होती. पितृपंधरवड्यात दामूच्या नावाचं पान नाही, कावळा नाही. कुठे फिरत असेल तो? एकनाथचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या माणसाच्या छातीतसुद्धा धडधडतं.

आवसेच्या सकाळी एकनाथ शिल्प न्यायला आला तेव्हा दालनाच्या चिटणिसांनी खूप आरडाओरडा केला. दिल्लीच्या खोक्यावर नाव घालून झालं होतं म्हणे. त्यानं शिल्प गोणपाटात गुंडाळलं, सुंभानं बांधलं, खांद्यावर घेतलं. सबनीस नेमके दारात भेटले. “कुठे नेताय?” “जाळायला,” तो म्हणाला. सबनीसांचे डोळे चमकले. “म्हणजे निषेध? प्रकल्पाचा?” त्यांनी खिशातून पेनही काढलं. भला माणूस, प्रत्येक गोष्टीला अर्थ असतोच, असा त्यांचा विश्वास होता. एकनाथला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त स्वतःची. विरारला गाडी बदलताना लगेजच्या बाबूनं गोणपाट चाचपून विचारलं, “फर्निचर?” बोईसरला उतरला तर स्टेशनबाहेर खडी आणि सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांची रांग. एका ट्रकवाल्यानं त्याला मागे घेतलं. हौद्यात कुठल्या कुठल्या मुलखातले मजूर बसले होते. एकानं गोणपाट बाजूला करून पाहिलं. “मशीन का पुर्जा है क्या?” दुसरा म्हणाला, “अरे नहीं, साँचा है. इस में ढलाई करते होंगे.” तिसऱ्या म्हाताऱ्यानं पोकळीत हात घालून पाहिला आणि हळूच काढून घेतला. “किसी की निशानी है,” तो म्हणाला, आणि मग कोणी त्या लाकडावर पाय टेकवले नाहीत. रस्ता नवा, रुंद, धुरळ्यानं पांढरा. दोन्ही बाजूंच्या वाड्यांतल्या केळी धुळीनं माखलेल्या. दूर समुद्राच्या अंगाला ते काँक्रीटचं भलंमोठं धूड वर येत होतं आणि मजूर त्याच्याकडे न बघता विड्या ओढत होते.

ट्रकमध्ये हादरे खात बसल्या बसल्या त्याच्या मनानं एक कावा केला. आधी त्याला वाटत होतं, हे जळणार, माझं एकुलतं एक काम जळणार. मग हळूहळू त्याला ते हवंसंच वाटू लागलं. जळू दे. जळलं तरच ते पुतळा ठरेल. माईनं हात फिरवून ‘हा माजा दामू’ एवढं म्हटलं, की इतका सगळा काळ वाया गेला नाही. मग मुरब्याचा माणूस, मंजुळेच्या बांगड्या, सगळं कशासाठी तरी होतं. तिनं नाही म्हटलं तर? त्या ‘तर’च्या पुढे त्याला जाता येईना. जळलं तर काम जाणार, नाही जळलं तर आपण. तो गोणपाटाला मिठी मारून बसला.

दांडीला पोचला तेव्हा ऊन उतरायचं होतं. वाळूत बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील लटकत होते. घरासमोर धर्माजी, भटजी, वाडीतली पाचसहा माणसं आधीच जमलेली. पुढे वाळूत लाकडं रचून ठेवलेली होती. माई ओट्यावर बसली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूचं पांढुरकं. मंजुळा चौकटीला टेकून उभी. तिनं आज हिरवं लुगडं नेसलं होतं, ओटी भरायला बसल्यासारखं, शेवटचं.

“आनलास?” माईनं विचारलं.

“आनला, माई.” घरी आलं की त्याची भाषा बदलायची.

त्यानं गोणपाट सोडलं आणि लाकूड तिच्यापुढे उभं केलं. माईनं आधी ते हुंगलं, धर्माजीसारखंच. मग खालून वर हात नेऊ लागली. तिची बोटं सुकटीनं चिरलेली, खरखरीत; गुळगुळीत लाकडावर त्यांचा खसखस आवाज येत होता. दालनात ‘कृपया स्पर्श करू नये’ अशी पाटी होती. इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, पण तिथे त्याला हात कोणी लावला नव्हता. बोटं आत वळलेल्या कडेपर्यंत आली, कडेवरून पोकळीत उतरली, तिथे थांबली, तळाशी फिरली. पुन्हा एकदा फिरली. एकनाथ मनातल्या मनात म्हणत होता, बोल माई. दामू म्हण. एकदा म्हण.

“यो दामू नाय,” माई म्हणाली.

तिची बोटं अजून पोकळीतच होती.

“यो तू हास, एकू.”

“माई—”

“दामूला हात लावला तं तो हसायचा, अंगावर यायचा. तू लहानपनापासून अंग चोरायचास. मी जवळ घेयाला गेली का आत आत जायाचास.” तिनं पोकळीवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. “यो पन चोरतो बघ.” मग तिनं हात काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, “धर्माजी, गवत आना. जित्या मानसाला जाळीत नाय.”

तेव्हा एकनाथचा बांध फुटला. तो ओट्याखाली गुडघे टेकून बसला आणि वेड्यासारखा बोलत सुटला. हा दामूच हाय माई, नीट बघ, दुसरा कोन असंल, होडी त्याची, लाकूड त्याचं, जाळ ना, मी सांगतो, जाळ. मुंबईतल्या थोर माणसांनी ज्याला नुसतं बघून दोन रकाने लिहिले, ते जाळून टाका म्हणून तो हात जोडत होता आणि कोणी जाळायला तयार नव्हतं. भटजी दुसरीकडे पाहू लागले. शेवटी मंजुळा चौकटीतून पुढे आली. ती त्याच्याशी कधी एवढं बोलली नव्हती.

“भावजी, तीन वर्सं तुमच्यासाठी थांबलो,” ती म्हणाली. “आता नका थांबवू.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. तो उठला आणि बाजूला झाला.

गवताचा पुतळा व्हायला वेळ लागला नाही. धर्माजीनं आणि वाडीतल्या दोघांनी दर्भ विणला, पळसाची पानं बांधली, वर नारळ ठेवला. मंजुळेनं आतून दामूचा सदरा आणून दिला. तो घातल्यावर नारळ जरा सैल बसला आणि एका बाजूला कलंडला. एकनाथ बघत राहिला. तीच मान होती. हाक मारल्यावर “काय रं?” म्हणून कलायची, तीच. धर्माजीनं काही ते मुद्दाम केलं नव्हतं. गाठ नीट बसली नव्हती, एवढंच. ज्याच्यासाठी एकनाथनं आरसा लावला, रात्रीचा दिवस केला, ते एका ढिल्या गाठीत येऊन बसलं होतं, आणि आता त्याला अग्नी द्यायचा होता तो धाकट्या भावानं, म्हणजे त्यानंच. त्यानं दिला. गवत भसकन पेटलं. नारळ तडकला तेव्हा तो दचकला आणि लपायला आपल्यापुढे कोणाची तरी पाठ आहे का ते पाहू लागला. मागे बायका मंजुळेला घेऊन बसल्या होत्या; तिनं हंबरडा फोडला, इतका जुना, इतका साठलेला, की वलांडीवरचे कावळे उडाले. भरती आली आणि वाळूवरची राख निमूटपणे घेऊन गेली.

संध्याकाळी घरात दिवा लागला. एकनाथ बाहेर बसून होता. ओट्याखाली ते लाकूड तसंच उभं, गोणपाट पायाशी पडलेलं. दिल्लीचं खोकं त्याला आठवलं, सबनीसांचं पेन आठवलं. उद्या ते नक्की काहीतरी लिहितील, आणि कोण जाणे, तेही खोटं नसेल. त्याला रडूही येईना. आपण जिवंत आहोत, असं आज चारचौघांत ठरलं होतं, आणि जिवंत माणसानं आता काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. आतून माईचा आवाज आला.

“एकू, त्याला आत घे. भायेर दव पडतंय.”

तो उठला. त्यानं लाकडाला खालून हात घातले. मुंबईहून दांडीपर्यंत खांद्यावर आणलेलं ते धूड आता त्याला जागचं हलवेना. पुन्हा जोर केला. मग एकाएकी ते हलकं झालं; दुसऱ्या टोकाला कोणी तरी धरलं होतं. कोण ते त्याला आधी कळलंच नाही, कारण बांगड्या वाजल्या नव्हत्या.